घर जाईबाईला, वही मंडळीला

मी, श्रीमती दीनाबाई शमुवेल उजगरे, वय ७१ वर्षे, धर्म ख्रिस्ती, व्यवसाय निवृत्त परिचारिका, राहणार धारूर, जिल्हा बीड, अक्कल, स्मरण आणि डोळे शाबूत असताना हे मृत्युपत्र लिहून ठेवते. मला कोणी धाक घातलेला नाही, कोणी भुलवलेले नाही. मी रागात आहे, हे मात्र खरे. वकील साहेब म्हणाले, "बाई, मृत्युपत्रात राग लिहीत नसतात." मी म्हणाले, मग कागद कोराच राहील. मी शुद्धीवर असल्याचा सरकारी डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. माझे घर. धारूर येथील दोन खोल्या, पुढची पडवी व मागची मोकळी जागा मी माझ्या पगारातून घेतली. ती माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. ती मी माझ्या पश्चात श्रीमती जाईबाई सिदू तोंडे, वय ४१, यांना देते. त्या माझ्या नात्यातल्या नाहीत, जातीच्या नाहीत, धर्माच्याही नाहीत. का देते ते लिहिणे भाग आहे, नाहीतर उद्या कोर्टात कोणी म्हणेल, म्हातारीला भूल पडली होती.

माझे पती प्राथमिक शाळेत मास्तर होते. १९९४ साली ते काविळीने गेले. पुढच्या वर्षी शेजारच्या तालुक्यातल्या एका खासगी दवाखान्याच्या डॉक्टरांनी मला कामावर घेतले. पदरात तेरा वर्षांचा मुलगा होता. मी रोजच्या प्रार्थनेत देवाचे आभार मानायची आणि त्यातच डॉक्टरांचेही. त्यांचे नाव इथे लिहीत नाही. तेवढे वकिलांनी माझ्याकडून कबूल करून घेतले आहे.

त्या दवाखान्यात ऊसतोडीच्या बाया यायच्या. अंगावरून जाते, ओटीपोट दुखते, एवढीच तक्रार. डॉक्टर नीट तपासतही नसत. "पिशवी खराब झाली, उद्या कॅन्सर होईल, काढून टाका." पंचवीस-सव्वीस वर्षांच्या पोरी! मजुरांच्या टोळ्या नेणाऱ्या मुकादमाला ते सोयीचेच होते. पाळी नाही, बाळंतपण नाही, कामाला खाडा नाही. मी एकोणीस वर्षे त्या टेबलाशेजारी उभी राहिले. कोणते दुखणे गोळ्यांनी बरे होते आणि कोणते कापावे लागते, एवढे मी मिशनच्या दवाखान्यात शिकले होते. मला कळत होते. पण ज्याने अडचणीत भाकर दिली त्याच्याविरुद्ध कसे बोलायचे, अशी मी स्वतःची समजूत घालत राहिले.

२०१० साली जाईबाई आली. दोन मुलांची आई, वय सव्वीस. टेबलावर झोपवल्यावर तिने माझा हात धरला. "सिस्टर, काढावीच लागंल का हो?"

मी म्हणाले, "डॉक्टर सांगतात तर काढून घे."

तीन वर्षांनी ती धारूरला माझ्या दारात आली. केस विरळ, कंबर गेलेली, अंगाची आग होत होती. उसाची मोळी डोक्यावर घेता येईना, म्हणून नवऱ्याने दुसरी बाई आणली, कारण तोडीला जोडी लागते. पोरे त्याच्या आईने ठेवून घेतली. मला वाटले, ही भांडायला आली. तिने पाटीभर सीताफळे माझ्यापुढे ठेवली. "तुमी हात धरला व्हता म्हणून मी भ्याले न्हाई. लई उपकार झाले तुमचे."

तिने शिवी दिली असती तर मी ऐकून घेतली असती. ते आभार मला सोसवले नाहीत. त्या दिवशी मी गुडघ्यावर बसले आणि प्रार्थनेला शब्दच येईनात. जो देव मला भाकर देत होता त्याचे उपकार मी डॉक्टरांच्या पायाशी नेऊन ठेवत होते, हे कळायला मला एकोणीस वर्षे लागली.

पुढच्या महिन्यात रूपाली नावाची तेवीस वर्षांची मुलगी टेबलावर होती. मी तिच्या कानात सांगितले, "ऊठ. कपडे घाल. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात दाखव, गोळ्या घे." ती उठून गेली. डॉक्टर हात धुऊन आले तर टेबल रिकामे.

"सिस्टर, पेशंट कुठंय?"

"घरी पाठवली. तिला काही झालेले नाही."

संध्याकाळपर्यंत माझी नोकरी गेली. तेव्हा मला साठावे वर्ष चालू होते आणि इतकी हलकी मी कधी नव्हते.

तेव्हा हे घर ज्या पगारातून आले तो पगार कुठून आला, हे मला माहीत आहे. मी घर दान करत नाही. ज्यांचे आहे त्यांना परत करते.

२. हे घर देण्याला एक अट. पुढची खोली ऊसतोडीच्या बायांसाठी उघडी राहील. गेली अकरा वर्षे दसऱ्याच्या आधी, टोळ्या निघण्यापूर्वी, बाया इथे येतात. रक्त तपासून घ्यायचे, लोहाच्या गोळ्या घ्यायच्या, कोणी पिशवी काढायला सांगितले असेल तर कागद दाखवायचा. नऊ वर्षांपासून जाईबाई माझ्याबरोबर राहते आणि हे काम माझ्याइतकेच करते. दुष्काळाच्या साली प्यायला घागरभर पाणी होते तेव्हाही आम्ही खोली बंद ठेवली नाही.

यावरही लोकांना पोटदुखी. दोन वर्षांपूर्वी हवालदार आले. "बाई, तुमी लोकांना बाटवता अशी तक्रार हाय."

मी बोलायच्या आत जाईबाई पुढे झाली. "सायेब, हा आत माझा देव्हारा. सकाळी मी दिवा लावते, ह्या प्रार्थना करतेत. आमचं भांडण व्हतं ते चहात साखर किती यावरून. बाटवायचं असतं तर आधी मला बाटवलं नसतं का?"

हवालदार चहा पिऊन गेले. तक्रार कोणाच्या घरातून गेली ते मला ठाऊक आहे. त्या घरच्या दोन सुना याच खोलीत तपासून गेल्या आहेत, आणि यापुढेही आल्या तर जाईबाईने त्यांना परत पाठवू नये.

३. दवाखान्यात दहा वर्षे झाल्यावर डॉक्टरांनी मला "उत्कृष्ट सेवा" असे कोरलेली पितळी ढाल दिली होती. ती त्यांना परत द्यावी. टपालाने नाही. ओपीडीच्या वेळेत, बाकड्यावर बाया बसलेल्या असताना, टेबलावर ठेवून यावे. काही बोलू नये.

४. आमच्या चर्चच्या मंडळीस. २०१५ साली आपल्या देवळावर नवे छप्पर आले. ते त्याच डॉक्टरांच्या देणगीतून. उपकारस्तुतीच्या सणाला, लोक जोंधळ्याची कणसे आणि भोपळे घेऊन आले असताना, पाळकांनी डॉक्टरांना पुढच्या खुर्चीवर बसवले आणि त्यांच्या नावाचा संगमरवरी दगड उघडला. मी उभी राहिले. म्हणाले, "या पैशाला रक्ताचा वास आहे. यासाठी देवाचे आभार मानू नका."

एक पंच म्हणाले, "बाई, मंडळीत वाद नको. खाली बसा."

पाळक म्हणाले, "दीनाबाई, कटुता हेही पाप आहे."

त्यानंतर पाळकांनी क्षमेवर तीन उपदेश केले आणि तिन्ही वेळा माझ्याकडे पाहिले. मी दर रविवारी गेले. शेवटच्या बाकावर बसले, गाणी म्हटली, कारण देऊळ पाळकांचे नाही. माझ्या प्रभूने लोकांचे पाय धुतले, पाहुण्यांना पुढच्या खुर्च्या वाटल्या नाहीत. छप्पर गळत असताना आपण छत्र्या उघडून गात होतो ते दिवस मला जास्त पवित्र वाटतात.

मंडळीला मी एक वही देते. त्या टेबलावरच्या जितक्या बाया मला आठवल्या तितक्या तिच्यात लिहिल्या आहेत. नाव नाही, त्यांची लाज आपण का चारचौघांत मांडावी? फक्त वय, गाव आणि मुले किती. त्या दोनशे सदतीस आहेत. पंचांनी ही वही एका उपासनेत, त्याच छपराखाली, पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचावी. मग आभार मानायचे असतील तर मानावेत. वाचायला नकार दिला, तर वही जाईबाईकडे परत यावी.

५. माझा मुलगा याकोब, राहणार पुणे. बाळा, तू फोनवर म्हणालास, "आई, परक्या बाईला घर देतेस, लोक काय म्हणतील?" तुझ्या इंजिनिअरिंगची फी त्याच टेबलावरून आली. तुझा त्यात दोष नाही, पण तुला ठाऊक असावे. माझ्या बचत खात्यातली शिल्लक मी तुला देत नाही. ती खोलीच्या औषधांसाठी आहे. तुझ्या वडिलांचे मनगटी घड्याळ आणि त्यांनी तुझ्या नावाने लिहिलेली सहा पत्रे तुझी. तू चांगला मुलगा आहेस. भित्रा आहेस, त्यात माझ्यावर गेलास. पन्नाशीच्या आत सुधार, माझ्यासारखा साठीपर्यंत थांबू नकोस.

६. रक्तदाब मोजण्याचे यंत्र, वजनकाटा आणि शिलाई मशीन खोलीतच राहतील. माझ्या चार चांगल्या साड्या कोणी आठवण म्हणून पेटीत ठेवू नयेत, नेसाव्यात.

७. डॉक्टरांना मी क्षमा केली का, असे पाळक विचारतील. रोज सकाळी करते. दुपारी एखादी तिशीतली बाई काठी टेकत येते आणि सकाळची क्षमा पुरत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा करते. यापेक्षा जास्त मला जमलेले नाही. देवाला हे माहीत आहे, पंचांनाही असावे.

८. माझे दफन साधे करावे. माझे गुण सांगू नयेत. मी हंगामात गेले, बाया कारखान्यांवर असल्या, तर त्यांना कळवू नये. एक दिवस बुडाला तर मुकादम त्यांना धारेवर धरतो. त्यांच्यासाठी मातीही थांबवू नये. पाडव्याच्या पुढेमागे टोळ्या परततील, ओझी उतरतील, बाया अंघोळी करतील, एक दिवस झोपतील. मग कोणाला माझ्या कबरीवर यावेसे वाटले तर यावे. येताना पोरांना घेऊन यावे, पाण्याची बाटली आणावी, तिथे सावली नाही. मला घाई नाही.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी ॲड. शहादेव लांडगे, धारूर, यांनी करावी. कच्च्या मसुद्यातून त्यांनी राग चार ठिकाणी खोडला होता. मी चारही ठिकाणी परत लिहिला. जाईबाईला साक्षीदार होता येत नाही, कारण घर तिला मिळणार आहे. ती बाहेर पडवीत गोळ्यांच्या पुड्या बांधत बसली आहे आणि आत काय लिहिले हे तिला अजून सांगितलेले नाही.

वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे, म्हणून दोन साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही करते.

सही: दीनाबाई शमुवेल उजगरे

साक्षीदार:
१. आश्रुबा गणपती नाईकवाडे, निवृत्त शिक्षक, धारूर
२. वैष्णवी राम शेंडगे, औषध विक्रेत्या, धारूर

ठिकाण: धारूर, जिल्हा बीड
दिनांक: १९ सप्टेंबर २०२५