बटणाची लकाकी

३ मार्च
कानांच्या चाचणीचं सॉफ्टवेअर जुनंच, त्याला माझ्या नव्या स्क्रीन जोडायच्या आहेत. हेडफोनमध्ये बारीक आवाज सुटतो, ऐकू आला की पेशंटने स्क्रीनवरचं बटण दाबायचं. आज जोडणी जमली एकदाची. आवाज सुटल्याचा निरोप माझ्या बटणापर्यंत पोचतो.

घरात मात्र निरोप पोचत नाहीत. "जेवायला वाढू का?" — दोनदा विचारलं. नवरा पाठमोरा, खिडकीशी. शेवटी एकटीच जेवले.

५ मार्च
मनात आलं, याला ऐकूच येत नसेल तर? केवढं हलकं वाटलं! बहिऱ्या नवऱ्याशी संसार करता येतो.

६ मार्च
लॅपटॉप घरी आणला. म्हटलं, "माझी स्क्रीन तपासायचीय, बस जरा." बसला. दोन्ही कान उत्तम. एकही आवाज हुकला नाही.

मग माझा तोल गेला. "माझंच तेवढं ऐकू येत नाही का रे तुला?" नको नको ते बोलले. त्याने बॅग भरली, बहिणीकडे निघून गेला.

९ मार्च
नणंदेचा फोन. "वहिनी, झालंय काय? दादा काही सांगतच नाही." तिला काय सांगणार, कप्पाळ! त्याची उशी हलवलेली नाही. जीव तुटतो नुसता.

१२ मार्च
आमच्या टेस्टर मुलीने हेडफोन न लावताच चाचणी दिली — आणि पास! म्हणाली, "मॅडम, आवाज सुटला की बटण उजळतंय. मी बघून दाबलं."

ती लकाकी माझीच. निरोप पोचतोय की नाही हे जोडताना दिसावं म्हणून ठेवलेली, काढायची राहून गेली. टीम लीडने सगळ्यांदेखत झापलं. मला मात्र हसू आवरेना. म्हणजे यानेही बघूनच दाबलं असेल! बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं. नवरा बहिरा निघावा म्हणून देव पाण्यात घालून बसलेली बायको मी एकटीच असेन.

१४ मार्च
लकाकी काढून लॅपटॉप नणंदेकडे नेला. त्याची माफी मागितली, चूक समजावून सांगितली. त्याने हेडफोन लावले.

डोळे मिटून घेतले त्याने. बोट बटणावर. एकेक आवाज टिपला. अगदी शेवटचासुद्धा. तो तर मलाही ऐकू येत नाही.