परमाचे डोळे आलेत

वहिनी,

आई गेल्यापासून घरात सगळ्यांचेच डोळे लाल, म्हणून परमाचे कुणी नीट पाहिलेच नाहीत. “आत्या, मी रडलोच न्हाई,” म्हणत होता बिचारा. आज गुरुजींनी त्याला शाळेतून परत पाठवलं. त्याला दवाखान्यात घेऊन चालले आहे. घाबरू नका, बरं होतं.

चिपडं थांबेपर्यंत शाळा नको. टॉवेल वेगळा द्या, सगळ्यांनी साबणानं हात धुवा. डोळ्यांत दूध, मध काही घालायचं नाही.

आईचं लुगडं तो उशाशी घेतो, त्यालाच डोळे पुसतो. ते कढत पाण्यात धुवा. धुऊ नका असं मीच म्हटलं होतं. तिचा वास जाईल, जाऊ द्या. फक्त मी यायच्या आत धुवून टाका.

मंदा