पाठमोरे श्रोते आणि तुमचे चिरंजीव

प्रिय विहीणबाई,

मुलीकडच्या विहिणीचा वाकून नमस्कार. (कागदावरच वाकते. खरोखर वाकले तर मला उठवायला इथे आपलं माणूस नाही.) व्याह्यांचा खोकला उतरला का? तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं नसेल तर हे पत्र व्याह्यांकडून वाचून घ्या, पण मधला मजकूर त्यांना मनातच वाचायला सांगा, कारण आज माझ्या लेखणीला आवर नाही. मी सुखरूप आहे, म्हणजे जिवंत आहे एवढंच.

तुमचे चिरंजीव चर्चमध्ये ऑर्गन वाजवतात हे मला लग्नाआधीपासून ठाऊक होतं. पण परदेश दौरा म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर आलं ते मोठं सभागृह, मखमली पडदा, निदान एक हार. एरवी आमची मुलगी शेजारी बसून स्वरलिपीची पानं उलटते. या खेपेला बाळ लहान म्हणून ती घरी राहिली आणि ‘आई, तू जा गं, पानं तर उलटायचीयत’ म्हणून माझी रवानगी झाली. निघता निघता तुमचा फोन: वाटेत त्याला समजवा, ही भटकंती पुरे, शाळेत संगीतशिक्षकाची जागा चालून आलीय, तुमचं तो ऐकेल. मी उभा जन्म मुख्याध्यापिका होते. म्हटलं, हजारो पोरं सरळ केली, एका जावयाचं काय घेऊन बसलात!

विहीणबाई, सभागृह नाही, पडदा नाही. प्रत्येक गावात वस्तीतलं एक दगडी चर्च, त्यात फक्त फादरांच्या खोलीत हीटर, आणि फादर ज्याच्या गळ्यात मारतील त्याच्या घरी मुक्काम. एके ठिकाणी मला त्या घरच्या धाकट्या मुलीचा पलंग दिला. (माझे पाय गुडघ्यापासून पुढे हवेत. उशीवर एक कापडी ससा होता, तो हलवला तर ती रडायची. ससा आरामात झोपला.) तुमचे चिरंजीव मात्र कुठेही झोपतात, काहीही खातात आणि सगळ्यांना हो म्हणतात. उद्या सकाळच्या मिस्सेच्या प्रार्थनेला वाजवाल का? हो. दुपारी कुणाचं तरी दफन आहे, तिथे? हो. आमच्या मावशीच्या घरचा पियानो जरा बघाल का? हो, हो.

आता पानांचं ऐका. ‘आई, मी मान हलवली की उलटा,’ असं ठरलं होतं. पण हे गृहस्थ रंगात आले की मान हलवतातच! मला काय स्वप्न पडतं, कुठली मान पानाची आणि कुठली आनंदाची? हलली मान की उलट पान, हलली मान की उलट पान. मी शेवटच्या पानावर पोचले तेव्हा ते निम्म्यातही नव्हते. उरलेलं त्यांनी आठवून वाजवलं आणि वर मला म्हणाले, ‘छान झालं, आई.’ (हा त्यांचा सर्वांत मोठा दोष. रागावतच नाहीत. समोरचा रागावला नाही तर माणसाने भांडायचं कुणाशी?)

पण माझं खरं डोकं फिरलं ते वेगळ्याच गोष्टीने. ऑर्गन असतो मागच्या सज्जात, उंचावर, आणि बाकं वेदीकडे तोंड करून. म्हणजे आमचे जावई जीव ओतून वाजवतायत आणि अख्खं गाव त्यांच्याकडे पाठ करून समोरच्या मेणबत्त्या बघतंय! कार्यक्रम संपला की लोक फादरांचा हात हातात घेऊन ‘फार सुंदर’ म्हणतात आणि फादर ‘धन्यवाद’ म्हणतात. फादर! ज्यांनी एक पट्टी दाबली नाही!

गावामागून गाव मी हे गिळलं. परवा गिळवेना. शेवटची मोठी रचना जावई पान न बघता वाजवतात. ती सुरू झाली तशी मी गोल जिना उतरून खाली गेले, सगळ्यांच्या पुढे उभी राहिले आणि कवायतीच्या आवाजात हुकूम सोडला, ‘मागे... फिर!’ हो, मराठीतच. सोबत हाताची खूण केली. अहो, फिरली की सगळी! कुणी मान वळवली, कुणी बाकावर उलटे गुडघे टेकले, एका आजोबांना शेजारणीने धरून फिरवलं. आणि मी विजयाने वर बघते तो ऑर्गन बंद.

झालं होतं असं, की फादरांची खूण दिसावी म्हणून ऑर्गनवर एक आरसा असतो. त्या आरशात एकाएकी गावभरची तोंडं उगवली. मी धापा टाकत वर गेले. तुमचे चिरंजीव हात मांडीवर घेऊन बसलेले, कान लालबुंद.

‘आई, ते सगळे बघतायत.’

‘मग बघू देत की! एवढं वाजवता ते कशासाठी?’

‘मला कुणी बघत असलं की बोटं चालत नाहीत. लहानपणापासून असंच आहे. म्हणून तर हे वाद्य धरलं. इथे सगळ्यांची पाठ असते.’

विहीणबाई, तुम्ही जन्मदात्री. तुम्हाला हे माहीत नव्हतं? आणि अशा माणसाला तुम्ही वर्गभर पोरांपुढे उभं करायला निघालात? पोरांचे डोळे काय चीज असते ते मला विचारा! मला इतका संताप आला की मी शाल काढून आरशावर टाकली आणि स्वतः कठड्याला पाठ लावून त्यांच्यामागे आडवी उभी राहिले. (माझ्या आकारमानाचा जन्मात एकदा उपयोग झाला.) म्हटलं, ‘आता कुणी दिसत नाही. वाजवा.’

त्यांनी वाजवलं. ऑर्गनच्या खालच्या, पायांनी दाबायच्या पट्ट्यांवरून त्यांचे पाय एकदाही खाली न बघता फिरत होते आणि तो आवाज दगडांतून चढून माझ्या दातांपर्यंत येत होता. तेवढा वेळ माझा राग कुठे गेला होता कळत नाही, तो मी नंतर शोधून काढला. खाली गाव वर टक लावून बसलं होतं आणि गावाला दिसत होती फक्त माझी पाठ. संपल्यावर अशा टाळ्या पडल्या, की मी वळून नमस्कार केला. टाळ्या नक्की कुणाला होत्या हे अजून स्पष्ट झालेलं नाही. फादर म्हणाले, पुढच्या वर्षी या, बाकं आधीच फिरवून ठेवतो. मी सांगितलं, खबरदार!

असो. एकंदरीत हा दौरा म्हणजे थंडी, जिने, परक्यांचे पलंग आणि मनस्ताप. व्याह्यांना नमस्कार.

तुमची,
त्रासलेली विहीण

ता.क. शाळेच्या जागेचा विषय मी काढलेला नाही आणि काढणारही नाही. त्या लोकांना तुम्हीच नकार कळवा.

आणखी ता.क. पुढच्या दौऱ्याला ‘मीच जाणार’ असं आमची मुलगी फोनवर म्हणत होती. बाळ अजून लहान आहे, तिने घरीच राहावं असं तिला तुम्ही जरा खडसावून सांगा. माझं ती ऐकत नाही, तुम्ही सासू आहात. माझं नाव मात्र मध्ये येऊ देऊ नका.