वाकलेली माणसं

सोमवार, ४ मार्च
लागली एकदाची नोकरी! संग्रहालयातल्या सोन्याच्या नाण्यांची चित्रं काढायची, छापील सूचीसाठी. खोली उत्तरेकडची, उजेड मऊ. संग्रहपाल साठीचे, जाड चष्म्याचे. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. पहिल्याच दिवशी त्यांनी आपल्यातला अर्धा चहा मला दिला. ताईला सांगितलं तर म्हणाली, चला, पेन्सिलीनं पोट भरतं म्हणायचं.

बुधवार, ६
आज सम्राटाचं मोठं नाणं हाती आलं. एवढ्याशा जागेत कारागिरानं दाढीचा केसन् केस उठवलाय. मागच्या बाजूला तोच सिंहासनावर, पायाशी चार माणसं वाकलेली. अण्णा सांगत होते, ज्या गावांनी त्याला जन्मात पाहिलं नाही तिथंही हा चेहरा पोचायचा. फौजेच्या आधी नाणं जायचं. भिंग टेबलाला पक्कं बसवलंय, त्यामुळे मान खाली घालूनच बघावं लागतं. चित्र झकास जमलं.

शुक्रवार, ८
चित्र नाण्याशी ताडून पाहिलं. नाण्यावर माणसं पाच. मी चारच काढलीत. माझा हात इतका चुकत नाही. अण्णांना विचारणार होते, पण ते कालपासून आलेले नाहीत. घरीही नाहीत म्हणे.

शनिवार, ९
पाचव्याच्या डोळ्यांवर चष्मा आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या नाण्यावर. म्हाताऱ्या शिपायाला बोलावलं. तो उंबऱ्याच्या आत येईना. खाली बघत म्हणाला, "बाई, मी कामाला लागलो तेव्हा दोनच होती."

सोमवार, ११
राजीनामा लिहून आणला. द्यायला उठले, पाठ सरळ होईना. मान वर केली की दुखत नाही — लाज वाटते. कुणाची?

मंगळवार, १२
नाणं पेटीत ठेवून कुलूप लावलं. वळले, तर पुन्हा भिंगाखाली. पाचव्याच्या शेजारी जागा — गुळगुळीत, घासूनपुसून तयार —

दुपारी
टेबलाआड जमिनीवर गुडघे टेकलेत. उठवत नाही. आवाजही गेला, फक्त हात चालतोय. ताई न्यायला आलीय. बाहेर शिपाई तिला थांबवतोय, ती कुणाचं ऐकतेय —

आत आली. मला अजून पाहिलं नाही. टेबलावरचं सोनं —

ताई, आधी हे वाच. भिंगाजवळ जाऊ नकोस. वाकू नकोस, ताई, खाली बघ, मी इथं — केस मागे सारलेस — ताई, मान