नावाड्याच्या बायकोचा पिवळा कोट

३ मार्च, गुरुवार
लीस्बेतची वाङ्मयाची तोंडी परीक्षा एप्रिलात. पास झाली तर ग्रोनिंगनला शिकायला जाणार म्हणते. ग्रोनिंगन म्हणजे देशाचं दुसरं टोक, नुसता वारा, आणि माझ्या मुलीचा घसा लहानपणापासून नाजूक. मिडलबर्गच्या कॉलेजला काय झालंय? सायकलने जावं, जेवायला घरी यावं. पण मी आड येणार नाही. उलट मदतच करणार. मी शाळा पूर्ण केलेली बाई आहे, तीही चांगल्या मार्कांनी. वाचनालयातली सर्वांत बारीक लघुकादंबरी मीच निवडून आणली. वेळ वाचेल, विजेचं बिलही. पुस्तकखर्च शून्य.

६ मार्च, रविवार
प्रभूच्या दिवशी कादंबरी वाचायची नाही, हा घरचा नियम. म्हणून फक्त चाळली. शेवटच्या पानापर्यंत.
फार सुंदर. एक नावाडी आपल्या बायकोची गोष्ट सांगतो. तिची फुप्फुसं अशक्त, म्हणून तो तिला कधीच नदीपलीकडे नेत नाही. तिचा पिवळा कोट वर्षानुवर्षं खुंटीला. शेवटी ती खिडकीशी बसल्या बसल्या मरते. रडू आलं. असा नवरा मिळायला भाग्य लागतं.

९ मार्च
लीस्बेतला प्रतीक म्हणजे काय ते समजावलं. पिवळा कोट म्हणजे काटकसर. इतक्या वर्षांत एक टाका उसवलेला नाही. ती म्हणाली, आई, अंगातच घातला नाही तर उसवेल कसा. मी म्हटलं, तेच तर सांगतेय. ती डोकं धरून बसली. अभ्यासाचा ताण. गळ्याला लोकरीचा मफलर गुंडाळून दिला.

१५ मार्च
निवेदक सांगतो ते सगळं खरं धरायचं नाही, असं शाळेत शिकवतात म्हणे. कसलं हे शिक्षण. बिचारा इतकं मनापासून सांगतोय. लीस्बेत म्हणते, तो पानोपानी बायकोच्या फुप्फुसांचं रडगाणं गातो, पण अख्ख्या पुस्तकात ती एकदाही खोकत नाही. मी म्हटलं, ह्यालाच निगा राखणं म्हणतात. माझा नवरा मरीनस पेपराआड हसला. त्याला वाङ्मयातलं काय कळतं.
ठराव: उद्यापासून तिच्या अभ्यासाबद्दल एक शब्द बोलायचा नाही.

१६ मार्च
पास्टर प्रवचन बसवतात तसं तिचं उत्तर तीन मुद्द्यांत बसवून दिलं. नावाडी म्हणजे मेंढपाळ. नदी म्हणजे जग. कोट म्हणजे जपून ठेवलेलं शील. चर्चमध्ये लांब प्रवचनात डुलकी लागू नये म्हणून देते तसं दुसऱ्या मुद्द्याला पेपरमिंट दिलं. पेपरमिंट घेतलं. मुद्दे घेतले नाहीत.

२२ मार्च
शाळेत पालकांची सभा. वाङ्मयाचे शिक्षक फरहाखे ह्यांना कोटाचा अर्थ सविस्तर सांगितला. ते म्हणाले, बाई, असं वाचन मी इतक्या वर्षांत ऐकलेलं नाही. घरी येईपर्यंत पाय जमिनीवर नव्हते. जाताना एवढंच म्हणाले, की आता मुलीला पुस्तकाबरोबर जरा एकटं सोडा. बरोबर आहे. माझ्यापुढे तिला दडपण येत असेल.

१४ एप्रिल
आज परीक्षा. सकाळपासून पाऊस आणि वारा. लीस्बेतचं कपाळ मला गरम लागलं. थर्मामीटर छत्तीस-आठ, म्हणजे ताप नाही असं दाखवत होता, पण तो जुना आहे. तिला म्हटलं, पड जरा, आणि शाळेला फोन करून कळवलं की तिचा घसा धरलाय, परीक्षा पुढे ढकला. तिथली बाई म्हणाली, ढकलू कशी, तुमची मुलगी माझ्यासमोर उभी आहे.
मागच्या दाराने गेली होती. मफलर खाटेवर.

१५ एप्रिल
दहापैकी आठ मार्क. मला नाही, बापाला सांगितलं. मी स्वयंपाकघरातून ऐकलं. बाहेरून आलेल्या परीक्षकाने विचारलं, मग नावाडी खोटारडा का? ती म्हणाली, नाही, त्याचा प्रत्येक शब्द त्याला खरा वाटतो, म्हणून तर भीती वाटते. त्याने विचारलं, हे कुठे शिकलीस? ती म्हणाली, घरी.
घरी. म्हणजे माझी शिकवणी वाया गेली नाही. मरीनसला तसं म्हटलं. तो बागेत निघून गेला.

२७ ऑगस्ट
सकाळच्या गाडीने गेली. डब्यातून हात हलवत होती, चेहरा इतका उजळ मी कधी पाहिला नव्हता. प्रवासाचा ताप असणार.
दुपारी सवयीने तिघांचे बटाटे काढले. सोलता सोलता मरीनसला सहज विचारलं, मी काही त्या नावाड्यासारखी नाही ना?
त्याने माझ्या हातातली सुरी घेतली आणि स्वतः सोलायला बसला. लग्नाला बावीस वर्षं झाली, ह्या माणसाने कधी बटाट्याला हात लावलेला नाही. सालं फार जाड काढत होता, अर्धा बटाटा वाया. मी बघत राहिले.