जानकीची परीक्षा आणि माझा त्याग

१ जानेवारी १९८६
सप्लायरने दिलेली ही डायरी आजपासून सत्कारणी लावायची. जानकी यंदा बँकेत ऑफिसरच्या परीक्षेला बसते आहे. बारा वर्षं वांद्र्याच्या ब्रँचला क्लार्की केली, आता बाईसाहेबांना केबिनमध्ये बसायचंय. बसू दे. मी मागासलेला नवरा नाही. अख्ख्या अंधेरी ईस्टमध्ये बायकोच्या पाठीशी उभे राहणारे किती असतील? आमच्या चाळीत तरी मी एकटाच.
संकल्प : सकाळचा चहा मी करणार. रात्रीचं जेवण मी. टीव्हीचा आवाज एकदम कमी. शिवाय बाबांकडे मी बघणार. बाबा म्हणजे माझे वडील. गिरणीतून रिटायर झाल्यापासून नुसते दाराशी बसून असतात. कामाचे काही नाहीत.

२ जानेवारी
साडेसातला उठलो. चहा झालेला होता. बाबांनी केला म्हणे. माझी तयारी होती, याची नोंद असावी.

५ जानेवारी, रविवार
संध्याकाळचा सिनेमा. आवाज ठरल्याप्रमाणे कमी. इतका कमी की टीव्हीला चिकटून बसावं लागलं. मान धरली. शेजारची अकरा माणसं आली होती. त्यांना ऐकू येईना म्हणून आवाज थोडा वाढवला. पाहुण्यांना नाही कसं म्हणणार? जानकी स्वयंपाकघरात कानात कापूस घालून वाचत होती. कापसाची आयडिया माझीच.

१४ जानेवारी
आज जेवण मी केलं. जवळजवळ केलंच. तिखट कुठे, मीठ कुठे, कुकरची शिट्टी कोणती, आमटीत आमसुलं आधी की नंतर, एवढं फक्त विचारलं. सातव्या प्रश्नाला जानकी पुस्तक मिटून उठली आणि माझ्या हातातला डाव काढून घेतला. मी म्हटलं, अगं तू वाच ना! तिने आमटी ढवळायला घेतली. बोंबील बाबांनी साफ करून ठेवले होते.
जानकीचं लक्ष फार लवकर विचलित होतं. अशाने परीक्षेत वाट लागेल.

२६ जानेवारी
सुट्टी. जानकीसाठी अभ्यासाचं टाइमटेबल बनवायला घेतलं. लाल, निळी, हिरवी शाई. माझा एल.एल.बी.च्या पहिल्या वर्षाचा अनुभव दांडगा आहे. तीन वेळा बसलो होतो.

२ फेब्रुवारी
टाइमटेबल पूर्ण. झकास झालंय. तोवर त्यातला पहिला आठवडा निघून गेला होता, पण दोष जानकीचा. तिने थांबायला हवं होतं.

१० फेब्रुवारी
आज एक प्रकार झाला. परीक्षेचा फॉर्म भरून जानकीने पंधरा दिवसांपूर्वी माझ्याकडे दिला होता. मीच हट्टाने मागून घेतला होता. तुझी फेरी वाचेल, बँकेच्या हेड ऑफिसला मी देऊन येतो म्हटलं होतं. आज शेवटची तारीख. दुपारी मरोळला आमच्या कंपनीच्या स्टोअरमध्ये रुमालासाठी खिशात हात घातला तर फॉर्म.
हाफ डे टाकून पळणार होतो, पण मी, गुणाजी परब, स्टोअरकीपर, असा मध्येच उठून गेलो तर माल कोण उतरवून घेणार? पाच वाजले. संपलं.
मी विसरलो. पास झाली की मुंबईबाहेर ट्रान्सफर सक्तीची असते, असं तिची मैत्रीण मालन मागे बोलली होती. पण त्याचा आणि याचा काही संबंध नाही. विसरलोच.
घरी जाऊन सांगितलं. वाटलं रडेल. मी समजूत घालायला तयार होतो. तर जानकी कणीक मळता मळता म्हणाली, "मी दुसरा भरून त्याच दिवशी दिला. पोच आहे माझ्याकडे." मग मला कशाला दिलास? तर म्हणाली, "तुम्ही मागितलात म्हणून."
याला विश्वास म्हणतात? मला फार लागलं. जेवलो नाही. दोनच चपात्या खाल्ल्या.

११ मार्च
जानकी हल्ली बाबांपुढे बसून पाठ म्हणते. बाबा चौथी पास. पुस्तक समोर धरून एकेक शब्द बोटाने लावतात आणि ती चुकली की "हुं" करतात. मी असताना हे! मी एकदा प्रश्न विचारायला बसलो होतो, पण उत्तराआधीच मी माझं मत सांगतो अशी तिची तक्रार. मताशिवाय शिक्षण असतं का?

१९ एप्रिल
उद्या पेपर आणि आज दुपारपासून मला ताप. नव्याण्णव! जानकीने कपाळावर कोलनवॉटरच्या पट्ट्या ठेवल्या. मी वीस वेळा म्हटलं, माझं काही का होईना, तू अभ्यास कर. एकविसाव्या वेळी ती म्हणाली, "मग कण्हू नका."
शेवटी बाबांनी पट्टी घेतली. त्यांचा हात जड आहे. ताप लगेच उतरला.

२० एप्रिल, रविवार
परीक्षेला तिला सोडायला बाबा गेले. अशक्तपणामुळे मी मॅच बघितली.

७ जुलै
पास! आमच्या दोघांच्या कष्टांना फळ आलं. स्टोअरमध्ये पेढे वाटले. अनंत सावंत म्हणाला, परब, तुझी कमाल आहे यार. मी नम्रपणे दहा-पंधरा मिनिटं बोललो.

९ जुलै
पोस्टिंग आलं. गुहागर.
साहजिकच जाणार नाही. मी तिला हसून म्हटलं, नाव मिळालं, हौस झाली, आता कळव त्यांना नाही म्हणून. जानकी पदर खोचून माझ्यासमोर बसली. अशी ती कधी बसत नाही. म्हणाली, "एकोणऐंशी साली तुमचं लॉ कॉलेज होतं, मी फॉर्म फाडला. ब्याऐंशीला आई अंथरुणावर होत्या, मी इंटरव्ह्यूला गेले नाही. दोन्ही वेळी तुम्ही म्हणालात, पुढच्या वर्षी बघू. मला बेचाळिसावं लागलंय. पुढचं वर्ष आता नाही."
मला हे माहीत होतं. म्हणजे घडलं तेव्हा मी तिथेच होतो. पण असं एकाखाली एक कुणी म्हणून दाखवलं नव्हतं. म्हटलं, आईचं तू खूप केलंस. ती म्हणाली, "हे तुम्ही आज पहिल्यांदा म्हणालात."
तिकडे भात करपला.

१३ जुलै
खूप विचार करून सर्वात मोठा त्याग जाहीर केला. नोकरी सोडून मी तुझ्याबरोबर गुहागरला येतो! ती गहिवरून नको म्हणेल, मग मीही थोडं ताणेन, असा हिशेब.
ती नको म्हणाली. लगेच. वाक्य पूर्ण व्हायच्या आत. गहिवर दिसला नाही. म्हणाली, "दोन वर्षं आहेत. सुट्टीला येत जा. येण्याआधी कळवा."
येण्याआधी कळवा! नवरा की इन्स्पेक्टर?

१४ जुलै
बाबा दाराशी बसल्या बसल्या म्हणाले, "मी जानकीवांगडा जातंय." मी हसलो. म्हटलं, बाबा, तिच्याबरोबर? या वयात? तर म्हणाले, "तिका नवीन जागेत जेवाण कोण करून घालतलो? तू?"
यावर हसण्यासारखं काय होतं कळत नाही, पण जानकी पदर तोंडाला लावून हसत होती. बऱ्याच महिन्यांनी.

२१ जुलै
दोघं गेली. एस.टी. स्टँडवर मी जानकीला एकच सांगितलं, माझी काळजी करू नकोस. ती बरं म्हणाली.
चाळीत सगळ्यांना सांगतोय, मीच पाठवलंय.

२९ जुलै
आठ दिवसांत स्वतःच्या हाताने चहा करायला शिकलो. चार वेळा. आमटी जमत नाही. टीव्हीचा आवाज मोठा ठेवला तरी घर गप्पच वाटतं. सेटमध्ये बिघाड असावा.

४ ऑगस्ट
दुपारी स्टोअरमध्ये ट्रंक कॉल. ऑपरेटर म्हणाली, गुहागर. मला ठाऊकच होतं, दोन आठवड्यांवर तिला राहवणार नाही. सावंत आणि सगळी मंडळी जमली. मी रिसीव्हर रुबाबात उचलला.
जानकी म्हणाली, "बाबांचा चष्मा कपाटावर राहिलाय. मालन शनिवारी इकडे यायचीय, तिच्याकडे द्या. जेवता ना?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "बरं, ठेवते. कस्टमर आहेत."
तीन मिनिटांचा कॉल, एका मिनिटात संपला. पुढची दोन मिनिटं मी बंद फोनवर बोलत उभा होतो : अगं रडू नकोस, येतो मी, येतो. सगळं स्टोअर बघत होतं.