विहिरीच्या पाण्यातली हळद

२२ नोव्हें. ९४, मंगळ.

आज दिवसभरात दूधवाल्याला "अर्धा" म्हटलं. त्यानंतर थेट साडेपाचला वैशालीशी बोलणं.

समोरच्या गल्लीतून रोज याच वेळेला येते. तिला पाचवा महिना लागला. नवऱ्याची, मिलिंदची, आनंदनगरच्या कंपनीत दुसरी पाळी, त्यामुळे तिलाही घरी जायची घाई नसते. लाल माठ कापून दिला, राजगिऱ्याचे शेंडे दिले. लोखंडी कढईतच परत म्हणून पुन्हा बजावलं. म्हणाली, "मावशी, हे विचारत होते, बाळ जन्मल्यावर रडणार का बें बें करणार?"

दिवाळीत दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या आणल्या होत्या, त्यांनी तिला मळमळायचं. मी म्हटलं, ठेव बाजूला, माझ्या परसात काय कमी आहे. तेव्हापासून येते. भाजी निवडत पायरीवर तासभर बसते. गेली की परस एकदम मोठं वाटतं.

२४ नोव्हें., गुरु.

रविवारच्या पुरवणीचं सदर लिहून झालं. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी, माठाचे देठ, शेवग्याच्या पाल्याची भाकरी. साडेपाचशे शब्द. तीनच्या आत टपालपेटीत.

सोळा वर्षांत गुरुवार चुकलेला नाही. आई गेली त्या आठवड्यातही नाही.

वाचकांची चार पत्रं. एकीने विचारलंय, घरच्या भाजीची खात्री का द्यावी? लिहायचं: कारण तिच्या मुळाशी काय जातं ते आपल्याला माहीत असतं.

२८ नोव्हें., सोम.

पालकाची पानं कडेने करपल्यासारखी. थंडी असावी.

दादाचा फोन आला, खालच्या मेडिकलमध्ये. नेहमीचंच. डोंबिवलीला ये, एवढ्या जागेत एकटी काय करतेस. मी म्हटलं, भाजी. तो हसला.

३ डिसें., शनि.

सकाळी नळाला पाणी नाही. हंडा काल घासून पालथा घातला होता, म्हणजे घरात थेंब नाही. विहिरीचं पाणी एरवी झाडांनाच. आज म्हटलं, उकळतंय तर काय होतं. त्याच पाण्यात डाळ शिजत ठेवली, हळद घातली.

डाळ लाल झाली. टोमॅटो घातल्यासारखी नव्हे. विटकरी.

पातेलं बदलून पुन्हा केली. पुन्हा तशीच.

जेवले नाही. चुरमुरे खाल्ले.

४ डिसें., रवि.

नळ आला. दोन वाट्या घेतल्या. एकीत नळाचं पाणी, दुसरीत विहिरीचं. दोन्हींत चिमूटभर हळद. पहिली पिवळी. दुसरी बघता बघता कुंकवासारखी.

हळदीत चुना घातला की कुंकू होतं, हे आईने शिकवलेलं. हळदीचा डाग साबणाने लाल होतो, हे मी स्वतः सदरात लिहिलेलं. म्हणजे विहिरीत चुन्याच्या किंवा सोड्याच्या जातीचं काही उतरलंय. मागच्या माळाच्या पलीकडे कंपन्या. उतार आमच्याकडे.

पाणी बोटांत चोळून पाहिलं. बुळबुळीत. इतके दिवस रहाटाचा दोर बुळबुळीत लागतो म्हणून शेवाळाला दोष देत होते.

कधीपासून? पाऊस संपल्यापासून? त्याच्या आधीपासून? मी हे पाणी कधी पीत नाही. ते पिते ती माझी भाजी. आणि ती भाजी खाते...

तिला उद्या सांगायचं.

५ डिसें., सोम.

सांगितलं नाही.

ती आली. मी म्हटलं, आज कापण्याजोगं काही नाही, पानं लहान आहेत. बरं म्हणाली, मग बाजारातून काहीतरी घेऊन जाते, उजेड आहे तोवर. पायरीवर बसलीसुद्धा नाही. पाच मिनिटं, तीही उभ्याने.

तिची काही चूक नाही. संध्याकाळी भाजी आणायला येणारी बाई भाजी घ्यायलाच येते.

उद्या सहा डिसेंबर. ती दोघं दादरला जातील. परवा येईल. परवा सांगायचं.

७ डिसें., बुध.

सकाळी रिक्षाने उल्हासनगर, कॅम्प १. इथल्या बाजारात सगळे ओळखतात, आणि "बाई, तुम्ही विकत घेताय?" हे ऐकायचं नव्हतं.

दोन जुड्या माठ, एक पालक. भाजीवाल्याला विचारलं, कुठला माल. "खेत का है, और कहाँ का होगा?" हा प्रश्न विचारायला मी इतकी वर्षं बायकांना शिकवत आले. उत्तर मिळालं की पुढे काय करायचं, हे कधी लिहिलं नाही.

घरी येऊन सुतळ्या सोडल्या. मुळं कापली. जून पानं काढली, नळाचं पाणी शिंपडलं. पाटीत मांडली तेव्हा माझीच दिसत होती.

वैशाली साडेपाचला आली. सव्वासहापर्यंत बसली. दादरची गर्दी, पुस्तकांचे स्टॉल, मिलिंदने तिच्यासाठी बसायला पुठ्ठा कसा पैदा केला, सगळं सांगितलं. माठ घेऊन गेली.

८ डिसें., गुरु.

सदर: "घरच्या पानाची चव". पाचशे शब्द, पाऊण तासात. अडीचला पेटीत.

सोळा वर्षांत चुकीचं बरंच छापून आलं असेल. माहीत असून खोटं आजच दिलं.

१० डिसें., शनि.

वाफ्यांना पाणी घालणं बंद केलंय. नळाचं पाणी मला आणि भांड्यांना जेमतेम पुरतं. माठ माना टाकून उभा आहे. तिला परसात येऊ देत नाही. पाटी पुढच्या ओट्यावर तयार ठेवते, तिथेच बसवते. म्हणाली, पुढं बरं वाटतं, माणसं दिसतात. मीही म्हटलं, हो.

रोज ठरवते. रोज ती बोलायला लागते आणि मी ऐकत बसते. आज तिने नावं काढली होती. मुलगी झाली तर संघमित्रा, पण शाळेत सगळे मितू मितू करतील म्हणून मिलिंदला नको.

गोळ्यांचं तरी सांगावं म्हणून हळूच म्हटलं, त्या लोहाच्या गोळ्या पुन्हा सुरू करून बघ. म्हणाली, "कशाला? तुमचा पाला चालू आहे ना."

१२ डिसें., सोम.

पुन्हा कॅम्प १. आज गाडीशी एक सिंधी आजी भाजी निवडत होत्या. माझा पालक बघून म्हणाल्या, "साई भाजी बनाओगी तो खट्टा पालक भी डालो, बेटी, नहीं तो क्या मज़ा?" आणि भाजीवाल्याला दटावून माझ्या पिशवीत आंबटचुक्याची जुडी फुकट टाकायला लावली. त्यांना माझं घर भरलेलं वाटलं असावं. किती जण आहात, विचारलं. मी म्हटलं, दो.

१३ डिसें., मंगळ.

आज झालं. लिहून ठेवते.

काल पिशवीत पालक आणि चुका एकमेकांत मिसळले होते. निवडताना तीन-चार पानं राहिली. वैशालीने ओट्यावर बसल्या बसल्या एक पान चावलं, तोंड वाकडं केलं. "मावशी, हा तर चुका. तुम्ही कधी लावलात?"

म्हटलं, आपोआप उगवला कुठेतरी.

"बघू तरी," म्हणून उठली ती थेट घरातून मागे. मी थांब म्हणेपर्यंत परसात पोचली होती.

वाफे वाळलेले. माठाच्या काड्या. पालक मातीला चिकटलेला. ती बघत राहिली. नंतर माझ्याकडे वळून म्हणाली, "आजारी होता का तुम्ही? सांगायचं तरी. मी घातलं असतं की पाणी." आणि पदर खोचून रहाटाकडे गेली. पोहरा सोडला, ओढायला लागली. या अवस्थेत. माझ्या झाडांसाठी.

मी दोर धरला. म्हटलं, "ते पाणी झाडांना घालायचं नाही. ते खराब आहे."

मग सगळं सांगितलं. डाळ, वाट्या, कॅम्प १, सुतळ्या. वाटीत हळद घालून दाखवलीसुद्धा. ती पायरीवर बसून ऐकत होती. वाटीतला रंग बदलला तेव्हा हात मागे घेतला.

"कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"दहा दिवस."

"हे दहा दिवस तुम्ही बाजारचं दिलंत. ते ठीक. आधीचं काय?"

मला माहीत नव्हतं. तेच सांगितलं.

"आणि गोळ्या मी तुमच्या शब्दावर बंद केल्या," म्हणाली. आवाज चढवला नाही. उठून गेली. पाटी इथेच राहिली.

१४ डिसें., बुध.

सकाळी दहाला मिलिंद आला. रात्रभर झोपलेला दिसत नव्हता. जयभीम म्हणाला, बसला नाही. विहिरीपाशी जाऊन पाणी बोटांत चोळलं, वास घेतला. त्याला दोन वाट्या लागल्या नाहीत.

"कॉस्टिक सोडा असणार, मावशी. पिंपं धुतात ना, ते पाणी मागं सोडतात. आमच्याकडंच असं नाही, ती सगळी लाईनच सोडते. आम्ही रोज बघतो." मग म्हणाला, "मी रोज बघतो, आणि माझ्याच घरात..."

काल संध्याकाळीच तिने निरोप पाठवून त्याला पाळीवरून बोलावलं आणि दोघं दवाखान्यात जाऊन आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, भाजीतून किती गेलं ते कुणालाच सांगता येणार नाही. बाळाचे ठोके चांगले आहेत. रक्त मात्र फारच कमी. गोळ्या आजपासून, न चुकता. सातव्यात पुन्हा तपासणी.

मी माफी मागितली. तो म्हणाला, "पाण्याचं तुम्हाला ठाऊक नव्हतं. तो राग नाही तिला. समजल्यावर दहा दिवस तुम्ही तिच्याशी गप्पा मारल्या, ते तिला लागलंय."

मी गप्पच होते, बोलत ती होती, असं मनात आलं. त्याने काय फरक पडतो.

जाताना म्हणाला, पेपरात लिहिणार असाल तर मी बोललो म्हणू नका. मी म्हटलं, कुणाचंच नाव घालणार नाही. माझं सोडून.

१५ डिसें., गुरु.

सदर. विहीर, लाल झालेली डाळ, दोन वाट्यांत हळद कशी घालून बघायची. शेवटी: मी एका गरोदर बाईला औषध थांबवायला सांगितलं, तो सल्ला चुकीचा होता, तो देण्याचा मला अधिकार नव्हता, ज्यांनी या सदरावरून असं काही केलं असेल त्यांनी आजच डॉक्टरांकडे जावं. मागच्या गुरुवारचं सदर खोटं होतं, तेही लिहिलं.

सातशे शब्द. कापण्यासारखं सापडलं नाही. अडीचला पेटीत.

२१ डिसें., बुध.

पुरवणीचं कार्ड. "लेख चांगला आहे, पण आपल्या पानाच्या प्रकृतीत बसत नाही. महिलांना घाबरवून काय साधणार? संक्रांत जवळ आली, तीळ आणि गूळ यांवर पाठवावे. कृपया गुरुवार चुकवू नये."

साडेपाचला सवयीने पुढच्या ओट्यावर आले. एक वयस्क बाई समोरच्या गल्लीकडे जाताना दिसल्या, वैशालीच्या सासूबाई असाव्यात. नगरहून आल्यात वाटतं. हातात मेथीची जुडी. माझ्याकडे पाहिलं, ओळख नव्हती, पुढे गेल्या.

२२ डिसें., गुरु.

तिळावर लिहायला बसले. दोन ओळी झाल्या. फाडल्या.

पंधरा तारखेचाच लेख पुन्हा सुवाच्य काढला. वर चिठ्ठी लावली: हा छापून येईपर्यंत दुसरा पाठवणार नाही. तीनला पाच कमी असताना पेटीत.

२९ डिसें., गुरु.

उत्तर नाही. रविवारच्या पानात माझ्या जागी लोकरीच्या विणकामाची आकृती होती.

आज काही लिहायचं नव्हतं. तीन वाजले तेव्हा घड्याळाकडे बघितलं गेलं, इतकंच. वाफ्यांतलं सगळं उपटून ढीग घातला. शेवगा ठेवला. त्याची मुळं कुठवर गेलीत कुणास ठाऊक.

१ जाने. ९५, रवि.

दादाचा फोन. या वेळी मीच विचारलं, तुझ्याकडे कुंड्या ठेवायला गच्ची आहे का. तो म्हणाला, गच्ची सोसायटीची आहे, पण तू ये तर खरी. बघते म्हटलं. पेपरात तुझं का दिसलं नाही, हे त्याने विचारलं नाही.

५ जाने., गुरु.

पुरवणीकडून आजही काही नाही.

संध्याकाळी फाटकाशी वैशाली. आत आली नाही, फाटकावर हात ठेवून उभी. पोट आता दिसतं. चेहरा ओढलेला.

म्हणाली, "गोळी घेतली की अजून तसंच होतं. सासूबाई म्हणतात सोडून दे. काय करू?"

सोळा वर्षं अशा प्रश्नांना रविवारी उत्तर देत आले. आज म्हटलं, सोडू नकोस. डॉक्टरीणबाईंना विचार, जेवणानंतर घेतली तर चालेल का, दुसरी मिळते का. मला विचारू नकोस, त्यांना विचार.

मान हलवली. जाईल असं वाटलं. गेली नाही. माझ्या मागे दाराकडे बघत म्हणाली, "तुम्ही हल्ली काय खाता?"

"पिठलं."

"रोज?"

"काल खिचडी होती."

हसली नाही. "एकटीसाठी म्हणून का होईना, भाजी आणत जा, मावशी. इथंच मिळते बाजारात, उल्हासनगरला नको जायला." मग सासूबाई हाक मारतायत म्हणाली आणि वळली. खरंच मारली होती का, मला ऐकू आली नाही.

उद्या बाजारात जाईन. इथल्याच. एक जुडी घ्यायची की दोन, ते अजून ठरत नाही.